मांडवीचे डॉ. व्हिएगस आणि रुग्णालयाची नोंदवही

साथीच्या रोगांचा इतिहास आपण बहुधा मृतांच्या आकड्यांवरून वाचतो. १८९६ साली सुरू झालेल्या प्लेगविषयी महाराष्ट्रातील सुशिक्षित माणसाला बरीच माहिती असते. पुण्यातील रँडसाहेबांचा जाच, २२ जून १८९७ रोजी चापेकर बंधूंनी त्यांच्यावर झाडलेल्या गोळ्या, हाफकिन यांची लस, आणि रोग्यांची शुश्रूषा करता करता सावित्रीबाई फुले यांना आलेले मरण, या गोष्टी पाठ्यपुस्तकांतून आपल्यापर्यंत पोचल्या आहेत. परंतु ही साथ आली आहे हे ओळखले कोणी, कशावरून ओळखले, आणि ओळखल्यावर ते चारचौघांत सांगण्याची तयारी कोणी दाखविली, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. वस्तुतः अर्थशास्त्राच्या दृष्टीने हाच प्रश्न सर्वांत महत्त्वाचा होय. कारण साथ ओळखण्यास होणाऱ्या प्रत्येक दिवसाच्या विलंबाची किंमत समाजाला पुढे अनेक पटींनी मोजावी लागते.

या प्रश्नाचे उत्तर डॉ. अकासियो गॅब्रिएल व्हिएगस या नावात आहे. मुंबईत धोबीतलावाला, मेट्रो चित्रपटगृहाच्या समोरच्या बाजूस त्यांचा पुतळा उभा आहे. रोज हजारो माणसे त्याच्यापुढून जातात. त्यांतील किती जणांना हे गृहस्थ कोण होते हे ठाऊक असेल, याची शंकाच आहे. एके काळी मुंबईत घरोघरी माहीत असलेले हे नाव आज विस्मृतीत गेले आहे. त्यांच्या आयुष्याकडे पुन्हा एकदा पाहिले, तर आपल्या जिल्ह्यातील सरकारी रुग्णालयांत रोज भरल्या जाणाऱ्या आणि रोज मिटल्या जाणाऱ्या नोंदवह्यांचे मोल आपल्याला कळेल, असे वाटते.

हडफड्याहून मांडवीला

अकासियो व्हिएगस यांचा जन्म १ एप्रिल १८५६ रोजी गोव्यातील बार्देशमधल्या हडफडे या गावी झाला. गोव्यावर तेव्हा पोर्तुगिजांची सत्ता होती. शिक्षण आणि चरितार्थ यांसाठी बार्देशचे कित्येक तरुण त्या काळी मुंबईची वाट धरीत. कोणी आगबोटीवर चाकरी करी, कोणी कचेरीत कारकुनी, कोणी वाद्यवृंदात वादकाचे काम. व्हिएगस यांनी वैद्यकाचा मार्ग निवडला. १८४५ साली स्थापन झालेल्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून १८८० साली त्यांनी एल. एम. अँड एस. ही पदवी मोठ्या गुणवत्तेने संपादन केली आणि मांडवी भागात दवाखाना घातला.

मांडवी हा तेव्हा मुंबईच्या व्यापाराचा गाभा होता. १८८० साली प्रिन्सेस डॉक आणि १८९१ साली व्हिक्टोरिया डॉक सुरू झाल्यावर धान्याची प्रचंड आवक या भागातून होऊ लागली. खाली वखारी आणि वर माणसांची दाटीवाटी, अशी तेथील घरांची रचना होती. एकाच वाड्यात मोठे अडते राहत आणि त्यांचे हमालही राहत. गटारे तुंबलेली, खोल्यांना उजेड नाही, आणि धान्याच्या थप्प्यांमागे उंदरांची वसाहत. अशा वस्तीतील डॉक्टराला रोगांचा तुटवडा कधीच नव्हता.

वर्षानुवर्षे एकाच वस्तीत रुग्ण पाहणाऱ्या डॉक्टराजवळ एक ज्ञान आपोआप साठत जाते. पावसाळ्यात हिवताप किती, भाद्रपदात हगवण किती, थंडीत खोकला किती, याचा एक अंदाज त्याच्या मनात तयार झालेला असतो. आम्ही अर्थशास्त्राचे विद्यार्थी ज्याला पायाभूत पातळी म्हणतो, तीच ही. अमुक एक आकडा मोठा की लहान हे त्या आकड्याकडे पाहून कधीच सांगता येत नाही. नेहमीच्या आकड्याशी त्याची तुलना केली म्हणजेच तो बोलू लागतो. सरकारी नोकरीत ठरावीक वर्षांनी बदली होणाऱ्या वैद्याला हे ज्ञान दुर्मिळ असते. मांडवीत सुमारे दीड दशक घालविलेल्या व्हिएगस यांच्याजवळ ते होते.

दुसरीही एक गोष्ट त्यांच्याजवळ होती. मुंबई महापालिकेचा नवा कायदा ज्या वर्षी झाला, त्याच १८८८ साली ते पालिकेवर निवडून आले होते. म्हणजे रुग्णाची नाडी पाहणारा हात आणि सभागृहात बोलण्याचा हक्क, या दोन्ही गोष्टी त्यांच्या ठायी एकवटल्या होत्या. पुढील घटनाक्रम समजून घेण्यासाठी हा योग ध्यानात ठेवावयास हवा.

सप्टेंबर १८९६

१८९६ च्या पावसाळ्याच्या अखेरीस मांडवीत वेगळ्याच प्रकारचे रुग्ण दिसू लागले. अंगात फणफणून ताप, जांघेत किंवा काखेत दुखरी गाठ, विलक्षण ग्लानी आणि थोड्याच दिवसांत मृत्यू. त्याच सुमारास वखारींत उंदीर मरून पडत होते. मुंबईत मृत्यूंची नोंद ठेवण्याची पद्धत होती आणि मांडवीतील वाढते मृत्यू कागदोपत्री उतरतही होते; मात्र ते निरनिराळ्या तापांच्या रकान्यांत विखुरले जात होते. ताप या रकान्यात आणखी काही ताप मिळाले, एवढाच त्याचा अर्थ कचेरीत होई. आकडे होते, पण ते जेथे जमत होते तेथे गाठ पाहिलेला माणूस नव्हता.

प्लेग मुंबईत येऊ शकतो हे कोणाच्या मनातही येऊ नये, अशी परिस्थिती मात्र नव्हती. दोनच वर्षांपूर्वी, १८९४ साली, हाँगकाँगमध्ये प्लेगने थैमान घातले होते आणि तेथेच अलेक्झांडर येर्सिन व कितासातो या दोघा संशोधकांनी प्लेगच्या जंतूंवर काम केले होते. हाँगकाँगशी मुंबईचा व्यापार जोरात होता. तरीही मुंबईतील वैद्यांपैकी बहुतेकांनी प्लेगचा रोगी उभ्या जन्मात पाहिला नव्हता. जे कधी पाहिले नाही, ते डोळ्यांसमोर आले तरी ओळखणे कठीण असते. त्यातून प्लेग हा उच्चारच असा होता की, तो करणाऱ्याला पूर्ण खात्री असल्यावाचून धीर होऊ नये.

व्हिएगस यांनी तो धीर केला. २३ सप्टेंबर १८९६ रोजी पालिकेच्या स्थायी समितीच्या बैठकीत त्यांनी मांडवीतील या तापाकडे लक्ष वेधले आणि तो ग्रंथिक प्लेग असल्याचे आपले मत मांडले. त्या दिवसांत मांडवीत असे रुग्ण पाहणारे ते काही एकटे डॉक्टर नसावेत. त्यांचे वेगळेपण यात आहे की, दवाखान्यात जे पाहिले ते त्यांनी जोडून पाहिले, आणि जोडून पाहिल्यावर जो निष्कर्ष निघाला तो प्रयोगशाळेच्या दाखल्याची वाट न पाहता योग्य त्या ठिकाणी सांगितला. प्रत्येक रुग्ण सुटा पाहिला असता, तर प्रत्येकाला काही ना काही स्पष्टीकरण सापडले असतेच.

हे निदान तत्काळ मान्य झाले नाही. प्लेग जाहीर होणे म्हणजे मुंबईच्या मालाला जगातील बंदरे बंद होणे, हे सर्वांना कळत होते. स्वतंत्र तज्ज्ञांकडून खातरजमा करून घेण्यात आली आणि व्हिएगस यांचे म्हणणे खरे ठरले. ऑक्टोबरमध्ये वाल्देमार हाफकिन मुंबईत आले. ग्रँट मेडिकल कॉलेजातील एका लहानशा जागेत त्यांनी लशीचे काम आरंभिले आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. स्थायी समितीतील त्या दिवसापासून मोजले, तर हा अवधी चार महिन्यांपेक्षाही कमी भरतो. साथ ओळखण्यास आणखी दोन-तीन महिने लागले असते, तर लशीचे कामही तितकेच पुढे गेले असते. लवकर सांगितल्याचा हा प्रत्यक्ष लाभ होय.

धाक आणि लपवाछपवी

लवकर ओळखले म्हणजे सर्व काही साधले, असे मात्र या इतिहासावरून म्हणता येणार नाही. ऑक्टोबर १८९६ मध्ये पालिकेच्या प्रशासनाने रोग्यांना सक्तीने रुग्णालयात हलविण्याचे कडक हुकूम काढले. घरातले माणूस उचलून नेले की परत येत नाही, ही धास्ती गिरणगावात पसरली आणि त्याच महिन्याच्या अखेरीस गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला. आज कस्तुरबा रुग्णालय म्हणून ओळखले जाते तेच हे रुग्णालय. त्यानंतर हुकूम सौम्य करावे लागले. पण जे व्हावयाचे ते होऊन गेले होते. लोक रोगी लपवू लागले. मृत्यूचे कारण दुसरेच सांगू लागले. प्लेगचे म्हणून नोंदले गेलेले मृत्यू आणि नेहमीच्या सरासरीहून अधिक झालेले एकूण मृत्यू यांत मोठी तफावत पडली. शहरातील खरी परिस्थिती जाणण्यासाठी अधिकाऱ्यांना अखेर एकूण मृत्यूंच्या वाढीचाच आधार घ्यावा लागला.

सव्वाआठ लाख वस्तीच्या त्या शहरातून १८९७ च्या फेब्रुवारीपर्यंत जवळजवळ निम्मी माणसे गाव सोडून गेली. आगगाडीने, गलबताने, पायी, मिळेल त्या वाटेने. त्यांच्याबरोबर प्लेगही पुण्याला, कोकणात आणि दख्खनच्या जिल्ह्यांत पोचला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग प्रतिबंधक कायदा झाला आणि अधिकाऱ्यांना फार मोठे अधिकार मिळाले. पुण्यात त्या अधिकारांचा वापर कसा झाला हे सर्वश्रुत आहे. १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना त्याच रोगाने गेल्या. शिक्षिका होण्याचे धडे त्यांनी ज्या ठिकाणी घेतले, ती मिस फॅरार यांची संस्था आपल्या नगरचीच. पुढील दोन दशकांत प्लेगने हिंदुस्थानात एक कोटीच्या आसपास बळी घेतले.

या सर्व काळात व्हिएगस यांची भूमिका काय होती, हेही पाहण्यासारखे आहे. निदान करून ते थांबले नाहीत. गलिच्छ वस्त्यांची सफाई आणि उंदरांचा नाश यांसाठी त्यांनी सतत आग्रह धरला. पिसवांमार्फत उंदराचा प्लेग माणसाला होतो, हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच संशोधकाने १८९८ साली कराचीत दाखवून दिले. तोपर्यंत तो दुवा कोणालाच नीट ठाऊक नव्हता. लस टोचून घेण्यास लोक कचरत असताना व्हिएगस यांनी सुमारे १८ हजार माणसांना स्वतः लस टोचली, असे त्यांच्या चरित्रात नमूद आहे. ओळखीच्या डॉक्टराच्या हातून सुई टोचून घेणे आणि शिपायाच्या पहाऱ्यात टोचून घेणे, यांतला फरक मांडवीच्या लोकांना वेगळा समजावून सांगण्याची गरज नव्हती.

उत्तरायुष्य

१९०६ साली व्हिएगस मुंबई महापालिकेचे अध्यक्ष झाले. हा मान मिळविणारे ते पहिले एतद्देशीय ख्रिस्ती गृहस्थ होते. मधल्या काळात शहराचे रूप बदलू लागले होते. १८९८ साली मुंबई इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन होऊन दाट वस्त्यांतून नवे रस्ते काढण्याचे काम सुरू झाले. १८९९ साली परळला प्लेगची प्रयोगशाळा आली. १९२५ पासून ती हाफकिन संस्था या नावाने ओळखली जाते. १९३३ साली, सत्त्याहत्तरीच्या घरात, व्हिएगस यांचे निधन झाले.

त्यांनी कोणताही शोध लावला नाही, कोणत्याही जंतूला वा लशीला त्यांचे नाव मिळाले नाही. नेमके म्हणूनच ते आपल्यासारख्या सामान्य माणसांना जवळचे वाटावेत. दररोजचे काम नीट करावे, त्यातील वेगळेपण हेरावे आणि ते सांगावे, एवढेच त्यांनी केले. एवढेच करणारी माणसे समाजात नेहमी पुरेशी असतातच, असे नाही.

आपल्या जिल्ह्यातील नोंदवही

व्हिएगस यांच्या ठायी जे दोन गुण एकत्र आले होते, ते एकाच माणसात पुन्हा एकत्र येतील या भरवशावर जिल्ह्याचे आरोग्य सोडता येत नाही. अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीचा अहमदनगर जिल्हा, हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रातील सर्वांत मोठा. सतरा हजार चौरस किलोमीटरांहून अधिक विस्ताराचा. तालुके चौदा आणि लोकसंख्या २०११ च्या शिरगणतीनुसार ४५ लाखांवर. अकोल्याच्या डोंगरातील ठाकर वस्तीपासून जामखेडच्या सीमेपर्यंतचे रुग्ण निरनिराळ्या दारी जातात. एका डॉक्टराच्या नजरेत हा पसारा मावणे शक्य नाही. तेव्हा व्हिएगस यांच्या मनात जी तुलना चालत होती, ती आता व्यवस्थेने केली पाहिजे.

ही तुलना करण्याची उत्तम जागा म्हणजे रुग्णालयाचा तातडीच्या उपचारांचा विभाग, ज्याला आपण अपघात विभाग किंवा कॅज्युअल्टी म्हणतो. तो रात्रंदिवस उघडा असतो. तेथे येणारा माणूस सहसा उगाच आलेला नसतो. प्रत्येकाचे वय, गाव, वेळ आणि मुख्य तक्रार नोंदविली जाते. प्रयोगशाळेचा अहवाल येण्यास काही दिवस लागतात. तक्रार मात्र त्याच घटकेला कागदावर असते. ताप आणि पुरळ, जुलाब आणि उलट्या, ताप आणि धाप, असे गट पाडून रोजची मोजदाद केली आणि मागील काही आठवड्यांतील त्याच वाराच्या सरासरीशी तिची तुलना केली, की असामान्य वाढ चटकन नजरेस येते. समजा, एका रुग्णालयात सोमवारी जुलाबाची सरासरी आठ मुले येतात. एखाद्या सोमवारी ती वीस आली आणि त्यांतील चौदा एकाच गावची निघाली, तर रोगाचे नाव कळण्यापूर्वीच त्या गावच्या पाण्याची टाकी तपासता येते.

ही कल्पना काही हवेतली नाही. न्यूयॉर्क शहराने २००१ पासून रुग्णालयांच्या तातडीच्या विभागांतील तक्रारींची अशी दैनंदिन मोजदाद चालविली. लंडनमध्ये २०१२ सालचे ऑलिंपिक सामने भरले तेव्हा इंग्लंडने अशीच व्यवस्था उभारली. आपल्याकडे २००४ साली एकात्मिक रोग सर्वेक्षण प्रकल्प सुरू झाला. आरोग्य कर्मचाऱ्याने लक्षणे नोंदवावीत, डॉक्टराने संशयित निदान नोंदवावे आणि प्रयोगशाळेने खात्रीचे निदान कळवावे, असे तीन निरनिराळे तक्ते त्यात ठरविण्यात आले. पुढे २०१८ पासून ही माहिती संगणकावर त्वरित भरण्याची व्यवस्था टप्प्याटप्प्याने आली. सांगाडा आहे, त्यात प्राण किती आहे, हा प्रश्न आहे.

जवळचे दोन दाखले या संदर्भात पुरेसे आहेत. १९९४ च्या ऑगस्टमध्ये आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यातील मामला या गावी उंदीर मरू लागले, पिसवांचा उपद्रव वाढला आणि गाठीचा ताप असलेले रुग्ण दिसले. सप्टेंबरमध्ये सुरतेस फुप्फुसाच्या प्लेगचा बोभाटा झाला, लाखो लोक शहर सोडून निघाले, अनेक देशांनी विमानसेवा थांबविल्या आणि देशाच्या निर्यातीला व पर्यटनाला जबर फटका बसला. दुसरा दाखला जानेवारी २०२५ मधील पुण्याचा. सिंहगड रस्त्याच्या परिसरातील गुलेन बॅरी सिंड्रोमचे रुग्ण रुग्णालयांत एकाएकी वाढले. हा विकार एरवी विरळा; त्यामुळे थोड्या रुग्णांचा जमावही डॉक्टरांच्या ध्यानात आला, चौकशी झाली आणि दूषित पाण्याचा माग लागला. आजार विरळा नसता, साध्या जुलाबाचाच असता, तर ती वाढ इतक्या लवकर कोणाच्या नजरेस आली असती काय? तेथेच तर मोजदादीची खरी गरज असते.

आपल्या जिल्ह्याला ही गरज अधिक आहे. शिर्डीला देशभरातून भाविक येतात. सिंहस्थाच्या काळात नाशिकचा ओघही इकडे वळतो. आषाढीला त्र्यंबकेश्वरहून निघालेली निवृत्तिनाथांची पालखी आपल्या जिल्ह्यातून पंढरपूरला जाते. पाथर्डी, जामखेड, शेवगाव या भागांतून ऊसतोडणी मजूर दरवर्षी हंगामात कारखान्यांच्या परिसरात जातात आणि त्यांची नोंद ना गावात राहते, ना कारखान्यावर. रोग माणसांबरोबर फिरतो; नोंदवही मात्र तालुक्याची हद्द ओलांडत नाही.

या पद्धतीच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. आकडा वाढला म्हणजे साथ आलीच, असे नाही. जत्रा, आठवड्याचा बाजार, एखाद्या डॉक्टराची रजा, यांनीही तो वाढतो. खोटे इशारे फार झाले, तर खऱ्या इशाऱ्याकडेही कोणी पाहत नाही. लहान गावांचे आकडे मुळातच लहान असल्याने त्यांत चढउतार मोठे दिसतात. आणि सर्वांत मोठी अडचण ही की, आपल्याकडे बहुसंख्य रुग्ण प्रथम खाजगी दवाखान्यात जातात. त्यांची माहिती येत नसेल, तर सरकारी रुग्णालयाची नोंदवही हे अर्धेच चित्र ठरते. म्हणून आकड्याने फक्त प्रश्न विचारावा आणि त्याचे उत्तर माणसाने गावात जाऊन शोधावे, हाच क्रम योग्य होय. हे काम कमी शिकलेली माणसेही करू शकतात, हे आपल्याच जिल्ह्याने जगाला दाखविले आहे. जामखेडला १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी सुरू केलेल्या प्रकल्पात, शाळेचे तोंडही न पाहिलेल्या कितीतरी स्त्रिया गावच्या आरोग्याची खडान्‌खडा माहिती ठेवू लागल्या होत्या.

सांगणाऱ्याला शिक्षा नको

शेवटी मुद्दा उरतो तो अर्थशास्त्राचा. साथीची खबर ही सार्वजनिक हिताची वस्तू आहे. तिचा लाभ सर्वांना मिळतो, परंतु ती देण्याची किंमत मात्र देणाऱ्या एकट्यालाच मोजावी लागते. ज्या गावात कॉलरा असल्याचे जाहीर होते, त्या गावचे दूध कोणी घेत नाही आणि बाजार ओस पडतो. जे रुग्णालय अधिक रुग्ण कळविते, त्याच्याकडेच खुलासा मागितला जातो. राष्ट्रांची गोष्टही निराळी नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील शास्त्रज्ञांनी कोरोनाच्या ओमायक्रॉन या नव्या प्रकाराची खबर तत्परतेने जगाला दिली आणि काही दिवसांतच अनेक देशांनी त्या देशाची विमाने बंद केली. ज्या वस्तूचा लाभ सर्वांना आणि तोटा एकट्या उत्पादकाला, त्या वस्तूचे उत्पादन कमी होणार, हा आमच्या शास्त्राचा पहिल्या वर्षाचा धडा आहे. १८९६ सालची मुंबई आणि आजचे आपले गाव यांना तो सारखाच लागू पडतो.

यावर उपाय दोन दिशांनी करावा लागेल. पहिला असा की, कळविणे हे कोणाच्या धैर्यावर अवलंबून राहू नये. प्रत्येक सरकारी आणि खाजगी रुग्णालयाने रोजच्या तक्रारींची गटवार संख्या, रुग्णाचे नाव न देता, ठरल्या वेळी कळवावी. शून्य असेल तर शून्य कळवावे. सगळेच रोज कळवू लागले, म्हणजे कळविणारा एकटा पडत नाही. दुसरा उपाय असा की, कळविल्याबद्दल शिक्षा होऊ नये. अधिक आकडा आला की प्रथम मदत पोचावी. कारणे दाखवा नोटीस नव्हे. गावाचा बाजार काही दिवस बंद ठेवावा लागला, तर त्या दिवसांच्या मजुरीची सोय व्हावी. यास खर्च येईल, हे खरे. पण हा खर्च साथ पसरल्यानंतरच्या खर्चाशी ताडून पाहिला पाहिजे.

या कामासाठी मोठी यंत्रे लागतात, अशी समजूत करून घेण्याचे कारण नाही. अपघात विभागात रात्रपाळीला बसणारा कारकून तक्रार नीट लिहील, गावाचे नाव स्पष्ट लिहील, आणि सकाळी कोणीतरी ते पान उघडून कालच्या, परवाच्या व गेल्या वर्षीच्या पानाशी लावून पाहील, येथून सुरुवात होते. महाविद्यालयांतील संख्याशास्त्राचे व अर्थशास्त्राचे विद्यार्थी या कामात जिल्हा रुग्णालयाला साहाय्य करू शकतील; त्यांनाही सरासरी आणि विचलन हे केवळ परीक्षेपुरते शब्द नाहीत, हे कळेल. शिक्षकांनी शाळेतील गैरहजेरी आजारपणाच्या कारणासह नोंदविली, तर तीही एक मोलाची खूण ठरेल.

मांडवीच्या डॉक्टरांना पालिकेत जागा होती, म्हणून त्यांनी पाहिलेले मुंबईला कळले. आज जामखेडच्या किंवा अकोल्याच्या रुग्णालयात रात्री दोन वाजता एखाद्या तरुण डॉक्टराला किंवा परिचारिकेला काही वेगळे दिसले, तर ते सांगण्याची जागा त्यांना आहे काय, आणि सांगितल्यावर त्यांच्या पाठीशी कोणी उभे राहील काय, हे जिल्ह्याच्या कारभाऱ्यांनी स्वतःला विचारावे. त्याचे उत्तर पुढची साथ येण्यापूर्वी मिळाले पाहिजे.